मादी फायटर एकत्र ठेवायच्या असतील तर

फायटर माशांबद्दल कुडाळजवळच्या एका ताईंनी विचारलं आहे: "महिन्यापूर्वी दोन फुटी टाकी घेतली आणि तीन मादी फायटर आणल्या. दुकानात सांगितलं की नर भांडतात, माद्या एकत्र राहतात. पहिले आठ-दहा दिवस छान गेले. आता निळी मादी बाकी दोघींना सारखी पळवते. पांढरट रंगाची एक वरच्या कोपऱ्यात फिल्टरमागे बसून असते, तिची शेपटी फाटली आहे. ओळखीचे एक जण म्हणतात, अजून दोन आणा म्हणजे मार वाटला जाईल. आणू का? पाणी विहिरीचं वापरतो."

ताई, अजून दोन आणू नका. आधी ती पांढरी मादी आजच्या आज बाहेर काढा. पंधरा-वीस लिटरची बादली किंवा टब घ्या, ज्याला साबण कधी लागलेला नाही असा. त्यात घरात भरून ठेवलेलं आदल्या दिवशीचं पाणी घाला. तसं नसेल तर आजच्यापुरतं टाकीतलंच पाणी घ्या. साधं जाडं मीठ लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने विरघळवा आणि बदामाचं एक वाळलेलं पान टाका. वरून मच्छरदाणीचा तुकडा बांधा, कारण घाबरलेली फायटर उडी मारून बाहेर पडते. रोज साधारण तिसरा हिस्सा पाणी बदला, आणि जेवढं पाणी नवं घालाल तेवढ्यापुरतंच मीठ घाला. सगळ्या बादलीचं मीठ रोज नव्याने घातलं तर ते साचत जातं. फाटलेली शेपटी स्वच्छ पाण्यात आपोआप भरून येते. नव्या पराची कड आधी काचेसारखी पारदर्शक दिसते, रंग नंतर चढतो. पण कड काळी-लालसर होऊन पर मागे मागे झिजत गेला, किंवा तोंडापाशी नाहीतर पाठीवर पांढरट कापसासारखा थर आला, तर ते नुसतं चावणं राहिलेलं नाही. तो थर दिसायला बुरशीसारखा असला तरी पुष्कळदा जिवाणूंचा असतो आणि कोमट पाण्यात झपाट्याने वाढतो. अशा वेळी दुकानातून मिळेल ती रंगीत बाटली ओतू नका. माशाचे फोटो काढून माशांच्या आजारांची माहिती असलेल्या माणसाला दाखवा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथेही विचारता येईल.

राहिलेल्या दोघींमध्ये टाकीत जाळीची आडभिंत घाला. पांढरी निघून गेली की निळी दुसरीच्या मागे लागणार, हे जवळजवळ ठरलेलं आहे.

आता पाण्याकडे या. तुमच्या वर्णनात मला एक गोष्ट खटकली. पहिले दहा दिवस छान आणि मग बिघाड, हे भांडणाचं वेळापत्रक आहे तसंच अमोनियाचंही आहे. नव्या टाकीत माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत पाणी आरशासारखं स्वच्छ दिसलं तरी मासा त्यात होरपळत असतो. वरच्या कोपऱ्यात पर मिटून बसणं, न खाणं, रंग उतरणं ही मार खाल्लेल्या मादीचीही लक्षणं आहेत आणि अमोनियाचीही. दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर आणखीच वाईट, कारण त्रासलेली मासळी सुटून पळू शकत नाही. तेव्हा थेंबांची तपासणी किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला वीस-तीस मिलिग्रॅमच्या खाली, हे आकडे मिळेपर्यंत एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला आणि खाणं निम्म्यावर आणा.

दुकानात जे सांगितलं ते अर्धं खरं आहे. दोन नर एका टाकीत ठेवले तर एक जण मरेपर्यंत किंवा पांगळा होईपर्यंत थांबत नाहीत. माद्यांचं तसं होईलच असं नाही. पण म्हणून माद्या गरीब असतात हे खरं नाही. हा मासा मूळचा थायलंडचा. तिथल्या मध्य भागातली भातखाचरं, दलदली, उथळ कालवे हे त्याचं घर. चार्ल्स टेट रेगन यांनी १९१० मध्ये त्याला बेट्टा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव दिलं, आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. माणसाने तो पाळायला लागून कमीत कमी हजार वर्षं झाली असावीत असं जनुकीय अभ्यासातून दिसतं. पिढ्यान् पिढ्या त्याच्या झुंजी लावल्या गेल्या, आणि जिंकणाऱ्या नरांचीच पिल्लं पुढे वाढवली गेली. ही निवड फक्त नरांपुरती राहिलेली नाही. मकाऊमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की झुंजीच्या वाणातल्या माद्याही रानटी वाणातल्या माद्यांपेक्षा जास्त आक्रमक असतात, जरी माद्यांना कुणी कधी झुंजवलेलं नसलं तरी. बापाचं रक्त लेकींत उतरतं. तुमच्या निळीच्या अंगात ते आहे.

रानात हे भागतं, कारण हरलेली पळून जाते. खाचरात गवत असतं, चिखल असतो, दहा हातांवर दुसरं डबकं असतं. दोन फुटी टाकीत पळायला जागा दोन फूटच. हरलेली मादी ज्या कोपऱ्यात जाईल तो कोपराही जिंकलेलीच्या हद्दीतच असतो. म्हणून खाचरात जी भानगड काही सेकंदांत मिटते ती काचेत दिवसभर चालते.

माद्या एकत्र ठेवण्याबद्दल बोलताना पाण्याच्या वरच्या थराचा विचार कमी लोक करतात, आणि माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. आपली मरळ जशी वर येऊन हवा घेते तशी फायटरही घेते. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक अवयव असतो, त्यातून ती वरची हवा रक्तात घेते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. याचा अर्थ असा की टाकीतल्या प्रत्येक मादीला ठरावीक वेळाने वर यावंच लागतं. कितीही छान लपण असलं तरी तिथे कायमचं बसता येत नाही. दांडगी मादी हे फार लवकर शिकते. ती वरच्या दोन इंचांत फेऱ्या मारत राहते आणि श्वासाला वर येणाऱ्या प्रत्येकीवर झडप घालते. लोक टाकीच्या तळाला गुहा रचतात, दगडांची बिळं करतात, आणि वरचा भाग मोकळा ठेवतात. मार खाणारीला तळाच्या गुहेचा उपयोग दोन-तीन मिनिटांचा. तिला लपायला हवी असते ती पाण्याच्या पृष्ठभागाला लागून असलेली जागा, जिथे ती कुणाला न दिसता तोंड वर काढू शकेल.

म्हणून पृष्ठभागाचा निम्म्याहून जास्त भाग तरंगत्या वनस्पतींनी झाकलेला हवा. पिस्टिया आणि साल्विनिया आपल्याकडे सहज मिळतात. पिस्टियाची मुळं खाली लोंबतात, त्यांच्या पडद्याआड एकीला दुसरी दिसत नाही. त्याखाली हॉर्नवर्टचे झुबके सोडावेत, कडेने व्हॅलिसनेरिया लावावी, जिची पानं वर जाऊन आडवी पसरतात. फायटरला पानावर टेकून बसायला आवडतं, तेव्हा अनुबियास किंवा रुंद पानाची एखादी वनस्पती वरच्या थरात बांधून ठेवावी. तुम्ही समोरून पाहिलंत आणि टाकीची मागची काच दिसली, तर झाडं कमी आहेत असं समजा. तळ्यातून किंवा वहाळातून झाडं आणणार असाल तर आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. चतुराच्या अळ्या त्यातून येतात आणि त्या मासे खातात. फवारणी झालेल्या खाचरातली झाडं तर मुळीच नकोत.

बाकी सामान आपल्या परसात आहे. नारळाच्या करवंट्या आतला काथ्या आणि खोबऱ्याचा कण न् कण खरवडून, दोन-तीनदा उकळून घ्या आणि बाजूला दोन भोकं पाडून ठेवा. दोन भोकं मुद्दाम सांगते. एकाच दाराच्या गुहेत अडकलेली मादी बाहेर पडू शकत नाही, दांडगी दारातच उभी राहते. समुद्रकाठी, शाळेच्या आवारात बदामाचं झाड असतंच. त्याची झाडावरच पिकून लाल झालेली आणि गळून वाळलेली पानं गोळा करा, धुवा, आणि पन्नास लिटरला एखाद-दुसरं टाका. पाणी चहाच्या रंगाचं होतं, किंचित आम्ल होतं, उजेड मंद होतो आणि माद्या शांत राहतात. हिरवी पानं नकोत. जांभ्याचे तुकडे दिसायला सुंदर, पण त्यांच्या खडबडीत कडांवर पर फाटतात. समुद्राची वाळू तर बिलकुल नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. नदीची धुतलेली बारीक वाळू चांगली.

शिंपल्यांवरून आठवलं, विहिरीच्या पाण्याबद्दल नीट सांगायला हवं. जांभ्याच्या पट्ट्यातलं पाणी बहुधा मऊ आणि थोडं आम्ल असतं. ते फायटरला मानवतं, पण त्यात क्षार इतके कमी असतात की टाकीत साचणारं आम्ल पेलायला काही उरत नाही, आणि सामू (पीएच) घसरत जातो. तो सहाच्या खाली गेला की फिल्टरमधले जिवाणू काम मंद करतात आणि अमोनिया पुन्हा साचू लागतो. यावरचा उपाय साधा आहे. धुतलेल्या शिंपल्यांचे मूठभर तुकडे कापडाच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरजवळ ठेवा. ते हळूहळू विरघळतात आणि सामू सावरतात. साडेसहा ते साडेसातच्या मध्ये कुठेही तो स्थिर राहिला की पुरे. एक आकडा गाठण्यापेक्षा तो रोज न बदलणं महत्त्वाचं. मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तिथे आधी चव घ्या आणि मगच पाणी टाकीत घाला. फायटर थोडा खारेपणा सोसते, झाडं सोसत नाहीत, आणि झाडं गेली की तुमचा पडदा गेला. पावसात पागोळ्यांचं पाणी धरून वापरणारेही आहेत. त्यात क्षार जवळपास नसतात, ते नुसतं वापरू नका. पहिले काही मोठे पाऊस जाऊ द्या, छप्पर धुऊन निघू दे, आणि मग विहिरीच्या पाण्यात निम्मं मिसळा.

आणि एक गोष्ट ज्याने दरवर्षी जूनमध्ये लोकांच्या टाक्या रिकाम्या होतात. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतं असं आपण गृहीत धरतो. पण पावसाळा लागला की ग्रामपंचायत सार्वजनिक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, आणि पुष्कळ घरी स्वतःच्या विहिरीतही टाकतात. त्या दिवशीचं पाणी थेट टाकीत गेलं तर माशांचे कल्ले भाजतात आणि फिल्टरमधले जिवाणूही मरतात. पावडर कधी टाकली ते विचारून ठेवा, आणि बारा महिने पाणी पिंपात भरून चोवीस तास उघडं ठेवण्याची सवय लावा. घाईत असाल तर क्लोरीन मारणारे थेंब घाला.

आता, माद्या एकत्र ठेवायच्याच असतील तर कशा ठेवायच्या ते सांगते. माझं मत आधी मांडते, कारण ते तुम्हाला पुढचं सगळं वाचण्यापूर्वी माहीत असायला हवं. जितक्या माद्या आणाल तितक्या वेगळ्या जागा घरात तयार नसतील, तर हा प्रकार करू नका. प्रत्येकीसाठी झाकणाचा दहा-बारा लिटरचा टब पुरतो, पण तो असायला हवा. रात्री दहाला मारामारी झाली तर सकाळी दुकान उघडेपर्यंत मासा थांबत नाही. मादी फायटरचा समूह म्हणजे मिटलेलं भांडण नव्हे, रोज लक्ष ठेवून आटोक्यात ठेवलेलं भांडण आहे. काही समूह वर्षभर छान चालतात, काही दोन महिन्यांत मोडतात, आणि कुठला काय करणार हे आधी सांगता येत नाही.

टाकी तीन फुटी हवी. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी टाकी साधारण एकशे तीस लिटरची होते आणि भरल्यावर दीडशे किलोच्या वर जाते, तेव्हा ती लाकडी शोकेसवर ठेवू नका. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण माद्यांची हद्द आडवी पसरते. तुमची दोन फूट, एक फूट, एक फूट मापाची टाकी जेमतेम पंचावन्न लिटरची आहे. त्यात समूह बसत नाही.

तीन फुटीत सहा किंवा सात माद्या. तुमच्या ओळखीच्यांचं मार वाटला जाण्याचं म्हणणं इथे लागू पडतं. दोन असतील तर एक मारते आणि एक खाते. तीन असतील तर एकीच्या वाट्याला दोघींची धुसफूस येते, जे तुमच्या पांढरीचं झालं. सहा-सात झाल्या की दांडगीला एकीवर डोळा ठेवून बसता येत नाही. पण हा हिशोब सहाही जणी एकाच दिवशी, नव्या मांडलेल्या टाकीत सोडल्या तरच जुळतो. आधीच्या दोघींनी जागा वाटून घेतलेली असताना दोन परक्या आणून सोडल्या तर कोण वर, कोण खाली ही सगळी उतरंड पुन्हा लावायला घेतली जाते, आणि परक्यांबरोबर परका आजारही येतो.

सर्वात चांगल्या त्या एकाच पिलावळीतल्या, जन्मापासून एकत्र वाढलेल्या बहिणी, ज्या कधीच वेगळ्या केलेल्या नाहीत. वेगळ्या बाटलीत महिनाभर राहिलेली मादी बहिणीलाही ओळख देत नाही. दुकानांत येणारे फायटर बहुतेक मुंबईच्या बाजारातून येतात, आणि त्यातले बरेचसे मुळात चेन्नईच्या कोलत्तूरकडचे असतात. तिथपासून इथपर्यंत प्रत्येक मासा छोट्या पिशवीत एकटा आलेला असतो. म्हणून मी दुकानातल्या सुट्या माद्यांचा समूह करायला सांगत नाही. जवळपास कुणी पिल्लं काढत असेल त्याच्याकडे जा, तीन-साडेतीन महिन्यांची पिल्लं पाहा, आणि एकाच हौदातून घ्या. त्या हौदात शंभर माद्या गुण्यागोविंदाने दिसतील. ते पाहून फसू नका. त्या अजून वयात आलेल्या नाहीत, आणि गर्दीत कुणाला हद्द आखताच येत नाही. तीच मासळी चार-पाच महिन्यांची होऊन सहा जणींत आली की वेगळी वागते.

मादी म्हणून विकत घेतलेला मासा नर नाही ना, हे स्वतः तपासा. लहान पराचे, ज्यांना प्लाकाट म्हणतात ते कोवळे नर हमखास माद्यांत मिसळलेले सापडतात, आणि एक नर पूर्ण टाकी संपवतो. मादीच्या पोटाखाली, मागच्या पराच्या पुढे मिठाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. पण कोवळ्या नरातही तो कधी कधी दिसतो, तेवढ्यावर विसंबू नका. मासा आरशात पाहून कल्ले फुगवतो तेव्हा खालून लोंबणारी दाढी पाहा. नराची कल्ल्याच्या कडेबाहेर चांगली लांब येते, मादीची जेमतेम. फिकट रंगाच्या माशावर मागून मोबाइलची बॅटरी मारली तर मादीच्या पोटामागे पिवळसर त्रिकोणी सावली दिसते, ती अंडाशयाची. ही खूण मला सर्वात भरवशाची वाटते. गडद निळ्या-काळ्या माशात मात्र ती दिसत नाही, तिथे दुसऱ्या खुणांवरच जावं लागतं.

आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवा, प्रत्येकीला आपापल्या टबात. एकही आजारी निघाली नाही तर एका संध्याकाळी, दिवे मालवून, सगळ्या एकदम सोडा. दुसऱ्या दिवशी रविवार असेल असा दिवस निवडा. पहिले दोन दिवस पाठलाग, पर फुलवणं, शेपटीला टोचणं होणारच. अंगावर धावून जाणं दोन-तीन सेकंदांत संपत असेल आणि दुसरी बाजूला होऊन पुन्हा आपल्या कामाला लागत असेल, तर हात घालू नका. उतरंड लागल्याशिवाय शांतता येत नाही. मात्र एकीलाच सगळ्या जणी मारत असतील, तिच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे पट्टे आले असतील, ती खायला येत नसेल, किंवा खवले उडालेले दिसत असतील, तर तिला काढा. उभे पट्टे वेगळे, ते अंडी धरलेल्या मादीचे असतात. एकच मादी सगळ्यांना मारत असेल तर तिला काढून आठ-दहा दिवस टबात ठेवा, तेवढ्यात टाकीतली मांडणी बदला, मग तिला परत सोडा. ती उतरंडीत खालून सुरुवात करते आणि बरेचदा निवळते. दुसऱ्यांदाही तेच केलं तर तिला कायमची एकटी ठेवा. तिसरी संधी देण्यात अर्थ नाही, तिचा स्वभावच तो.

खाणं टाकीच्या दोन-तीन टोकांना एकाच वेळी टाका, म्हणजे दांडगीला सगळीकडे पोचता येत नाही. दिवसातून दोनदा, प्रत्येकीला दोन-तीन दाणे, आठवड्यातून एक दिवस उपास. ताजी कोळंबी बारीक चिरून कधीमधी चालते. सुका जवळा नको, तो खारट असतो. डासांच्या अळ्या त्यांना फार आवडतात, पण त्यासाठी अंगणात पाणी साठवून डेंग्यूला आमंत्रण देऊ नका.

हवेबद्दल एक इशारा. फायटर वरची हवा घेते, आणि एअर पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो. डासांची कॉइल, लिक्विड, फवारे यांतली पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं माशांना अतिशय विषारी असतात. टाकीच्या खोलीत ती वापरू नका. गणपतीत धूप-कापूर जळतो, घर भरलेलं असतं, मुंबईहून आलेली मुलं टाकीभोवती बसून दिवसभर दाणे टाकतात. ते पाच दिवस टाकीवर ओलं कापड घाला, पंप दुसऱ्या खोलीतून लांब नळीने चालवा, आणि दाण्यांची डबी कपाटात ठेवा.

तापमान सव्वीस ते अठ्ठावीस. मे महिन्यात पाणी एकतीस-बत्तीसवर गेलं की माझ्या टाक्यांत मारामाऱ्या वाढतात. मग पंख्याचा वारा पृष्ठभागावर सोडते आणि पाणी थोडं थोडं रोज बदलते. कुडाळात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगलाच गारवा असतो, तेव्हा हीटर लागेल. लाईट जाण्याचं म्हणाल तर फायटर हवा घेते म्हणून ती गुदमरत नाही. नुकसान होतं फिल्टरच्या जिवाणूंचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी खाणं थांबवा. आठवडाभर न खाल्ल्याने धडधाकट मासा मरत नाही. स्पंज टाकीतच बुडवून ठेवून हाताने दिवसातून काही वेळा हलवा, आणि रोज बादलीभर पाणी बदला. पावसाळ्याआधी बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा.

जो समूह चार-सहा महिने शांत राहिला त्याच्यावरचं लक्ष काढू नका. एखादी म्हातारी झाली, आजारी पडली, झाडं छाटली, एकीला बाहेर काढलं, एवढ्यानेही उतरंड ढासळते आणि एका रात्रीत दोन-तीन जणी जखमी होतात. सततच्या ताणाने रोगप्रतिकारही खचतो. दिसायला जखम नसलेली मादी फुगते, खवले उभे राहतात, आणि लोक म्हणतात अचानक गेली. ते अचानक नसतं, ती महिनोन् महिने दबून जगलेली असते. म्हणून मी रोज खाण्याच्या वेळी सगळ्या मोजते. कोण पहिली आली यापेक्षा कोण शेवटी आली ते पाहते. दोन वेळा जी आली नाही ती तिसऱ्या वेळी माझ्या टबात असते.

काढलेल्या माद्या विहिरीत किंवा वहाळात सोडू नका, कुणी डास कमी होतील म्हटलं तरी. परका मासा आपल्या पाण्यात सोडायचा नसतो. ओळखीच्या घरात एकेकटी द्या.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. दोन फुटी टाकीचं पाणी आधी ठीक करा, झाडं वाढवा, आणि त्यात एकच मादी ठेवा. निळीच ठेवा, ती ताकदीची आहे. पाणी महिनाभर स्थिर राहिलं की हार्लेक्विन रासबोरा जातीचे सात-आठ छोटे मासे सोबत सोडता येतील. ते चपळ आहेत, पर कुरतडत नाहीत, आणि निळी त्यांच्यामागे फार लागणार नाही. लागलीच तर ती टबात आणि रासबोरा टाकीत. पांढरी बरी झाली की तिला आणि तिसरीला वीस-पंचवीस लिटरच्या वेगवेगळ्या टाक्या द्या. एकटी मादी उदास राहील अशी काळजी करू नका, फायटर कळपाचा मासा नाही. तुम्हाला समूहच हवा असेल तर दिवाळीनंतर तीन फुटी टाकीचा विचार करू. पाऊस गेलेला असतो, विहिरीचं पाणी निवळलेलं असतं, टीसीएलचा ताप नसतो, आणि टाकी मुरायला थंडीपर्यंत वेळ मिळतो. तोपर्यंत अमोनिया, नायट्राइट आणि सामूचे आकडे आठवड्याला वहीत लिहून ठेवा. ते पाहिल्याशिवाय मी तुम्हाला एकही मासा घ्यायला सांगणार नाही.